क्रूसाची समई

टाळांच्या दोन जोड्या घ्यायच्या होत्या म्हणून गेल्या श्रावणात बेगम बाजारात गेलो. वर्गात भजन शिकणाऱ्या मुली वाढल्या आणि शाळेच्या टाळांपैकी एकाला चीर गेली. चिरलेला टाळ वाजतो, नाही असे नाही. पण त्याचा नाद मध्येच मरतो आणि शिकवणाऱ्याचे लक्ष दुसऱ्या कशातही लागत नाही. टाळ घेताना मी घाई करीत नाही. दहा जोड्या वाजवून बघाव्या, त्यांतली एक बाजूला काढावी, पुन्हा दहा वाजवाव्या. दुकानदार वैतागतात. एकच कासारकाका असे आहेत की ते वैतागण्याऐवजी चहा मागवतात.

काकांचे घराणे मराठवाड्यातले. नांदेड, परभणी, बीड हे सारे मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, आणि लग्नाची भांडी घ्यायला तिकडची माणसे बेगम बाजारात येत. दुसरे असफजाह निजाम अली खान यांच्या बेगमेने मुसीच्या उत्तरेची ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि तिच्यावरून बाजाराला नाव पडले, असे सांगतात. निजाम अली खानांची कारकीर्द १७६२ ते १८०३. म्हणजे बाजाराचे वय सव्वादोनशे वर्षांच्या आसपास धरायला हरकत नाही. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीने शहरात जो कहर केला त्यानंतरही हा बाजार होता तिथेच राहिला. आज तेथे भांड्यांच्या शेजारी सुका मेवा, प्लास्टिकची फुले, खेळणी, आणि दिवाळी संपते न संपते तोच नाताळचे कागदी तारे. सगळे ठोक. बेगम बाजारात वस्तूला भाव असतो, वजन असते, नाव नसते. पितळ किलोवर जाते, मग ते परात असो की देवाची घंटा.

चहा आला तेव्हा काकांनी फडताळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. वीतभर उंचीची समई. बैठक, दांडा, पाच वातींचे तबक, सारे नेहमीचे; पण शेंड्याला जिथे हंस किंवा कळी असते तिथे क्रूस. वेगळा ओतून आट्यांवर बसवलेला, कानशीने नीट घासलेला. वस्तू देखणी होती. पितळ जुन्या पद्धतीचे, थोडे लालसर.

"कोणासाठी केलीत?" मी विचारले.

"कोणासाठी म्हणजे? गनफाउंड्रीच्या चर्चात जाणारी एक बाई आली होती. लेकीच्या लग्नात द्यायला पायजे म्हणाली. तिला करून दिली. मग आणखी दोन गेल्या. मला वाटलं, हा माल चालेल." मग जरा थांबून म्हणाले, "त्या लोकांची मासिकं असतात ना, गुरुजी, नाताळच्या आधी यादी छापतात. घरच्यांना काय द्यावं, पाद्रीबाबांना काय द्यावं. त्या यादीत आपली समई यायला पायजे. तुम्ही चार ओळी लिहून द्या."

ही यादी म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. कॅथलिक मंडळींची साप्ताहिके आणि मासिके जगभर निघतात. मुंबईचे 'एक्झामिनर' तर १८५० पासूनचे आहे, आणि वसईचे 'सुवार्ता' आपल्या मराठीतले. अशा नियतकालिकांतून, विशेषतः अमेरिकेत, नाताळच्या आधी भेटवस्तूंच्या याद्या येतात. पुस्तके, जपमाळा, मेणबत्त्या, मठातल्या संन्याशांनी भाजलेली कॉफी, मुलांसाठी गव्हाणीची लाकडी चित्रे. निवडणारा संपादक असतो; तो म्हणतो, ही वस्तू मी पाहिली, चांगली आहे, इथे मिळते. छोट्या कारागिराला हे बारा महिन्यांच्या जाहिरातीपेक्षा मोलाचे, कारण वाचक यादीकडे जाहिरात म्हणून पाहत नाही, घरच्या माणसाचा सल्ला म्हणून पाहतो. काही ठिकाणी पैसे घेऊनही नाव घालतात. तसे असेल तर ते आधी लेखी विचारून घ्यावे. विकत घेतलेली शिफारस आणि मिळवलेली शिफारस यांत भाडोत्री टाळ्या आणि मनातून आलेली दाद यांच्याइतकाच फरक आहे.

काकांनी आदल्या वर्षी एकदा प्रयत्न केला होता. ती हकीकत त्यांनी हसत सांगितली, पण हसणे वरवरचे होते. कोणा पुतण्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेऊन त्यांनी एका मासिकाकडे समई आणि जपमाळेचा नमुना पाठवला. उत्तर आले, सभ्य आणि थंड. पत्र काकांनी जपून ठेवले होते. मी ते वाचले आणि त्यांच्या तीन चुका माझ्या ध्यानात आल्या.

पहिली चूक अगदी साधी. पत्र गेले डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. नाताळच्या आधीचे चार रविवार हा कॅथलिकांचा आगमनकाळ. तो नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या आरंभी सुरू होतो आणि यादी त्याच्याही आधी छापून तयार असते. म्हणजे संपादकाच्या टेबलावर वस्तू जायची ती श्रावण-भाद्रपदात. गणपती बसायच्या आत नाताळचा विचार! काकांना हे पटायला वेळ लागला नाही. लग्नसराईचा हंडा ते दिवाळीच्या आधीच भरून ठेवतात.

दुसरी चूक जपमाळेची. काकांची माळ चोपन्न मण्यांची होती, सगळे मणी सारख्या अंतरावर, आणि खाली क्रूस. एकशे आठाचे निम्मे चोपन्न, असा त्यांचा हिशेब. आता गंमत अशी की कॅथलिक जपमाळेच्या गोलातही चोपन्नच मणी असतात. पण दहा-दहांचे पाच गट, आणि गटांच्या मधले चार मणी वेगळे, सुटे. शिवाय क्रूसाकडे उतरणाऱ्या लोंबत्या दोरीवर आणखी पाच. एकूण एकोणसाठ. डोळे मिटून जप करणाऱ्याची बोटे त्या अंतरावरून जाणतात की एक दशक संपले. तालाला सम हवी तसे ते आहे. काकांच्या माळेत खालीच नव्हती, सम नव्हती. संपादकाने एवढेच लिहिले होते की माळ "वापरता येण्याजोगी नाही". काकांना वाटले, माल हलका म्हणाला. माल हलका नव्हता. मात्रा चुकली होती.

तिसरी चूक सर्वांत अवघड. पुतण्याने उत्साहाच्या भरात लिहिले होते की या वस्तू धर्मगुरूंनी आशीर्वाद दिलेल्या आहेत. ते खरे नव्हते, आणि खरे असते तर अधिकच वाईट. पवित्र गोष्टीचा पैशात सौदा करणे याला ख्रिस्ती परंपरेत जुने नाव आहे, आणि ते बायबलातल्या त्या सायमन जादूगारावरून आले आहे ज्याने प्रेषितांकडून दैवी सामर्थ्य विकत मागितले. अवशेषांची विक्री तर चर्चच्या कायद्याने साफ मना केलेली आहे. पितळेची किंमत घ्यावी, घडणावळ घ्यावी. आशीर्वादाची किंमत लावता येत नाही. गिऱ्हाईक वस्तू घरी नेते, मग आपल्या धर्मगुरूंकडे नेऊन आशीर्वाद घेते. हे मला माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी समजावले. मुलगी माझ्याकडे भजन शिकते आणि रविवारी चर्चमध्ये गाते. दोन्हीकडे तिचा सूर सारखाच लागतो.

"म्हणजे आपण खोटं बोललो," काका म्हणाले.

"पुतण्या बोलला."

"दुकान माझं आहे ना?"

मग मी लिहून द्यायचे कबूल केले. खरे म्हणजे त्या एका वाक्यानेच कबूल केले.

पण लिहायचे काय? क्रूस लावलेली समई ही कोणाच्या घरची? हिंदूच्या घरची की ख्रिस्त्याच्या? संपादकाच्या मनात हाच प्रश्न येणार, आणि त्याला उत्तर देता आले नाही तर वस्तू 'चमत्कारिक' म्हणून बाजूला पडणार. मी गनफाउंड्रीला गेलो. बेगम बाजारातून आबिद रोडच्या बाजूला निघाले की सेंट जोसेफ कॅथीड्रलचे मनोरे फार दूर नाहीत. १८७० च्या दशकात उभे राहिलेले ते मंदिर. लहानपणापासून पाहत आलो, आत कधी बसलो नव्हतो. तिथे एका वृद्ध धर्मगुरूंनी मला जी गोष्ट सांगितली ती नंतर पुस्तकांतूनही ताडून घेतली.

१९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनमध्ये जी मोठी धर्मपरिषद भरली तिच्यानंतर प्रत्येक देशाच्या चालीरीतींना उपासनेत जागा द्यावी असा विचार पुढे आला. आपल्याकडे त्यासाठी १९६७ साली बंगलोरला एक राष्ट्रीय केंद्र निघाले. त्याचे संचालक फादर अमलोर्पवदास. १९६९ च्या एप्रिलमध्ये रोमने भारतातील मिस्सेसाठी बारा फेरफार मान्य केले. मांडी घालून बसावे. गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकावे. आरती ओवाळता येईल. धूप दांडीच्या साध्या पात्रातून द्यावा. वेदीवरच्या वस्त्राऐवजी ताट चालेल. आणि मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा लावता येईल. सगळ्यांना हे रुचले नाही. आमचा धर्म हिंदू करून टाकता काय, असे म्हणणारे कॅथलिकही पुष्कळ होते, आणि काही बिशपांनी आपापल्या क्षेत्रात हे लागू करण्याची घाई केली नाही. वाद अजूनही मधूनमधून डोके वर काढतो. पण केरळात तर शेंड्याला क्रूस असलेला निलविळक्क कितीतरी जुन्या ख्रिस्ती घरांत आणि चर्चांत उभा असतो. तिथे तो कोणाला परका वाटत नाही.

आरती, धूपपात्र, ताट, तेलाचा दिवा. वाचकहो, ही यादी पुन्हा वाचा. ही बेगम बाजारातल्या एकाच गल्लीची यादी आहे! रोममध्ये बसलेल्या माणसांनी ज्या वस्तू मान्य केल्या त्या सगळ्या काकांच्या फडताळात होत्या, आणि काकांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी केलेली समई चमत्कारिक नव्हती. तिच्यामागे पन्नास वर्षांहून जुनी परवानगी होती आणि त्याहून जुनी केरळची रीत होती. पत्रात लिहायचे ते हेच.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण माझा धंदा नादाचा आहे. काकांचा आग्रह होता की समईबरोबर एक हातघंटाही पाठवावी. मिस्सेत पुजाऱ्याच्या बाजूला उभा असलेला मुलगा घंटा वाजवतो ते त्यांनी पाहिले होते. मी त्यांच्या घंटा वाजवून पाहिल्या. पितळेच्या होत्या. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ते चकाकते छान, पण त्याचा नाद लवकर बसतो. खरी घंटा काशाची: शंभरात सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग तांबे, बावीस भाग कथील. कथील वाढले की धातू ठिसूळ होतो, कमी झाले की मुका होतो. युरोपातल्या चर्चच्या मोठ्या ओतीव घंटा याच काशाच्या, आणि त्यांच्यात एक चमत्कार असा की आघाताच्या सुराच्या वर एक कोमल गंधार स्पष्ट ऐकू येतो. षड्जावर कोमल गंधार! म्हणूनच घंटेचा नाद, लग्नाची असली तरी, जरा उदास वाटतो. १६४० च्या दशकात नेदरलंड्समध्ये हेमोनी बंधूंनी घंटेच्या आतल्या बाजूचा धातू खरवडून हे सूर एकमेकांशी जुळवण्याची विद्या सिद्ध केली. गनफाउंड्रीच्या घंटा मी त्या दिवशी प्रथमच गवयाच्या कानाने ऐकल्या आणि बाहेर पायरीवर पाच मिनिटे तसाच उभा राहिलो.

आपल्याकडे कच्छात निरोणा गावचे लोहार भंगार पत्र्याच्या घंटा करतात. ओतीत नाहीत, ठोकून करतात. डाख नाही. वर तांब्या-पितळेची पूड आणि मातीचा लेप देऊन भट्टीत घालतात, आत शिसवी लाकडाची जीभ टांगतात, आणि कडेला हळूहळू ठोके देत कानाने सूर लावतात. मूळ घंटा गाईगुरांच्या गळ्यातल्या. प्रत्येक मालकाला आपल्या कळपाचा आवाज ओळखता यावा म्हणून सूर वेगळे. त्याच घंटा आज परदेशांत नाताळच्या झाडाला टांगतात. त्या तिथे कशा पोचल्या? मिशनच्या मंडळींनी चालवलेल्या व्यापारी संस्थांच्या सूचीपत्रांतून. अमेरिकेतील सर्व्ह ही अशीच एक संस्था. १९४९ साली महायुद्धातल्या निर्वासितांनी केलेली लाकडी घड्याळे विकून देण्यासाठी ती एका छोट्या ख्रिस्ती पंथाने काढली आणि पुढे कॅथलिकांच्या मदतसंस्थेनेही तिच्याशी हात मिळवला. गुरांच्या गळ्यातल्या घंटेने जर एवढा प्रवास केला तर काकांच्या समईने का करू नये, हा माझा युक्तिवाद. घंटा मात्र पाठवायची नाही असे मी ठरवले. ज्या घंटेचा नाद मला स्वतःला पटत नाही तिची शिफारस मी कशी लिहू? काका थोडे नाराज झाले. म्हणाले, "तुमचे कान आमचं दुकान बंद करतील."

पत्र लिहायला बसलो तेव्हा खरा वाद उभा राहिला.

समई काका ओतीत नाहीत. ते विकतात. ओततो तो ओतारी. त्याची भट्टी बाजारापासून दूर, पत्र्याच्या एका शेडमध्ये. वाळूचा साचा तो करतो, मूस तो उचलतो, शेंड्याचा क्रूस सरळ बसावा म्हणून आटे तो पाडतो. त्याला मजुरी किलोवर मिळते. परातीला जो दर तोच क्रूसाच्या समईला. मी पत्रात लिहिले: ही समई अमुक ओताऱ्याने हाताने ओतली आहे. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवले.

"हे नक्को." ('नको'चे हे दखनी रूप मराठीकडूनच तिकडे गेले असे भाषेचे जाणकार म्हणतात, काकांच्या तोंडी ते घर फिरून आलेल्या लेकीसारखे वाटते.)

"का नको?"

"गिऱ्हाईक सरळ त्याच्याकडे जाईल. मग मी कशाला बसलो इथं? माल मी ठेवतो, उधारी मी सांभाळतो, खोट आली तर परत मी घेतो. बाजारात कधी कोणी ओताऱ्याचं नाव लावलंय?"

त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. दुकानदाराची जोखीम मोठी असते आणि ती कोणी मोजत नाही. स्टीलने पितळेचे जे केले ते काकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या गल्लीतली निम्मी कासारांची दुकाने आज प्लास्टिकची झाली आहेत. पण मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते दरबारी गवई. संस्थान गेले तेव्हा तरुण होते, त्यामुळे दरबाराचे वैभव त्यांच्या वाट्याला थोडे आणि दरबाराच्या आठवणी फार. ते सांगत, दुसऱ्या संस्थानात गायला जायचे तर आपल्या दरबाराचे पत्र न्यावे लागे. पत्रात पहिले नाव गवयाचे नसे. पहिले नाव त्याच्या गुरूचे. 'अमुक यांचे शागीर्द' असे वाचल्यावर मग दिवाण वर बघून विचारायचा, नाव काय तुमचे? मैफलीतही वडील गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावीत. लहानपणी मला वाटे, ही नम्रता. पुढे कळले, ही जबाबदारी होती. नाव घेतले की त्या नावाला शोभेल असे गावे लागते, आणि बिघडले तर कोणाकडे बोट दाखवायचे तेही ऐकणाऱ्याला ठाऊक होते.

मी काकांना बेल्जियमची गोष्ट सांगितली. तिथे ट्रापिस्ट पंथाचे संन्यासी मठात बियर करतात, चीजही करतात. त्यांच्या नावावर बाहेरचे कारखानदार माल खपवू लागले तेव्हा १९९७ साली मठांनी एकत्र येऊन षटकोनी खूण काढली. खूण लावायची अट अशी: माल मठाच्या परिसरातच झाला पाहिजे, संन्याशांच्या देखरेखीखाली झाला पाहिजे, आणि नफा मठाच्या गरजांना किंवा दानधर्माला गेला पाहिजे. म्हणजे बाटली हातात घेणाऱ्याला तीन गोष्टी कळतात: कुठे, कोणी, आणि पैसा कुठे जातो. कॅथलिक यादीचा वाचक हे विचारायला शिकलेला आहे. त्याला 'हस्तकला' हा शब्द पुरत नाही. हात कोणाचा ते हवे असते. आपल्याच शेजारी बिदरच्या बिदरी कामाला आणि पेंबर्तीच्या पत्र्यावरच्या कामाला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. तिथे निदान गावाचे नाव वस्तूबरोबर जाते. बेगम बाजारात ते सुद्धा जात नाही. दिल्लीत गेलेली काकांची परात दिल्लीची होते.

काका बराच वेळ बोलले नाहीत. टाळांच्या जोड्या पुन्हा दोरीत ओवीत बसले. मग म्हणाले, "पत्ता दुकानाचा लावा. नाव त्याचं लावा. पण उधारी त्यानं मागायची नाही, हे त्याला तुम्ही सांगा."

पत्र एका पानाचे झाले. त्यात समईची उंची, वजन, धातू. पितळेत शिसे आहे की नाही याबद्दल ओताऱ्याने स्वतः सांगितलेले आणि आम्ही तपासून घेतलेले. तेल कोणते, वात कशी. १९६९ ची परवानगी दोन ओळींत, आणि हे स्पष्ट की समई आशीर्वादित नाही, ज्याने त्याने आपल्या धर्मगुरूंकडून आशीर्वाद घ्यावा. लग्न, गृहप्रवेश, पौरोहित्याची दीक्षा असे तीन प्रसंग सुचवले. बाप्तिस्म्याला मेणबत्तीच देतात म्हणून तो गाळला. ओताऱ्याचे नाव आले, आणि शेवटी हे की नाताळपर्यंत किती नग देऊ शकतो. पुतण्याने मागच्या वेळी "कितीही" असे लिहिले होते. ओताऱ्याला विचारले तर तो बोटे मोजू लागला. पावसात वाळू सुकत नाही, साचा फुटतो. जो आकडा निघाला तो लहान होता. तोच लिहिला. फोटो दोन काढले, एक वात लावून आणि एक न लावता, खिडकीच्या उजेडात. रंगीत कापड, प्लास्टिकची फुले काही ठेवले नाही. नमुना परत मागितला नाही. पाठवताना समईचे भाग सोडवून वेगवेगळे बांधले, नाहीतर दांडा वाकतो. पत्र आणि नमुना गणपतीच्या आदल्या आठवड्यात गेले, तीन मासिकांना.

एकाने उत्तर दिले नाही. एकाने लिहिले की आमचे वाचक मेणबत्तीच पसंत करतात. तो वाद मी वर सांगितलाच आहे, आणि त्यांचे मत त्यांच्यापाशी. तिसऱ्याने ओताऱ्याच्या नावाचे स्पेलिंग विचारले. एवढेच. बाकी काही नाही, फक्त स्पेलिंग. मी ते काकांना दाखवले तेव्हा त्यांनी कागद उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिले.

नोव्हेंबरात यादी आली. पान अर्धे, त्यात सात-आठ वस्तू, आपली समई खालच्या कोपऱ्यात पेटीच्या तिकिटाएवढी. चार ओळी. ओताऱ्याचे नाव दुसऱ्या ओळीत, पत्ता काकांच्या दुकानाचा. काकांनी अंक काचेखाली ठेवला आहे, पण गिऱ्हाईकाला तो ते आपणहून दाखवीत नाहीत. दाखवतो तो नोकर पोरगा.

मागण्या आल्या. फार नाही, आमच्या लहान आकड्याला जेमतेम पुरून वर थोड्या. वरच्यांना काकांनी "पुढल्या वर्षी" असे कळवले, आणि त्यातल्या एकाने आगाऊ पैसे पाठवून दिले. सिकंदराबादहून, सेंट मेरीज बॅसिलिकाच्या बाजूला राहणारे एक वयस्क जोडपे स्वतः आले. त्यांना दुकान नको होते; ज्याचे नाव छापले आहे त्याला भेटायचे होते. काका माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाले, बघितलंत? मग त्यांनी पोराला हाक मारली आणि जोडप्याबरोबर शेडपर्यंत पाठवले.

ओताऱ्याची आणि माझी गाठ परवा पडली. समईबद्दल तो काही बोलला नाही. किलोचा दर बदलला का, असे मी विचारले. क्रूसाच्या समईचा बदलला, नगावर ठरला. परातीचा तोच आहे. मग त्याने शेडच्या कोपऱ्यातून एक घंटा आणली. नवी, अजून न घासलेली, कडेला वाळूचे कण चिकटलेले. "कथील घालून बघितलं," म्हणाला. "कमी घातलं की जास्त, ते वाजवून सांगा."

वाजवली. कथील थोडे कमी होते.